हिवाळ्यातला ट्रायथलॉनचा सराव: मन आणि शरीर तयार कसे ठेवावे

ट्रायथलॉनचा हंगाम संपतो, दिवस लहान होत जातात, पहाटे पांघरुणातून पाय बाहेर काढवत नाही, आणि पोहणे, सायकल व धावणे या तिन्हींचा सराव एकदमच ढिला पडतो. एकाच खेळाचा सराव करणाऱ्याला हिवाळ्यात एकच आघाडी सांभाळायची असते. ट्रायथलॉन करणाऱ्याला तीन सांभाळाव्या लागतात, आणि प्रत्येकीची अडचण निराळी असते: ओल्या केसांनी तलावाबाहेर पडायचे जिवावर येते, रस्ते निसरडे होतात, धावताना कोरडी गार हवा छातीत बोचते. अशा वेळी उत्साह आपोआप येईल म्हणून थांबणाऱ्याचा हिवाळा थांबण्यातच जातो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागणारे निर्णय शक्य तितके कमी करावेत, आणि वाचलेली शक्ती तिन्हींपैकी आपल्या सर्वांत कच्च्या प्रकारावर खर्च करावी. पुढचे सर्व मार्गदर्शन या एका भूमिकेतून केले आहे.

आधी विश्रांती, मग उलटी गणती

हंगामातील शेवटच्या शर्यतीनंतर दोन आठवडे ठरवून विश्रांती घ्यावी, आणि ती अपराधी न वाटता घ्यावी. या काळात चालणे, सहज म्हणून पोहणे किंवा सायकल फिरवणे चालेल, पण वेळ आणि अंतर मोजू नये. विश्रांतीला शेवटची तारीख मात्र असावी. सहनशक्तीचा सराव पूर्णपणे थांबवला, तर रक्तातील प्लाझ्माचे, म्हणजे द्रव भागाचे, प्रमाण थोड्याच दिवसांत घटू लागते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता स्पष्टपणे खाली येते. याच्या दुसऱ्या बाजूला दिलासा देणारी गोष्ट अशी, की कमावलेली क्षमता टिकवायला ती कमावण्याइतके कष्ट पडत नाहीत. आठवड्यातले सरावाचे दिवस कमी झाले, तरी उरलेल्या दिवसांतली तीव्रता टिकवली तर क्षमता कित्येक आठवडे टिकून राहते. कामाच्या किंवा घरच्या व्यापामुळे एखादा महिना अर्धाच सराव झाला, तर सगळे वाया गेले असे समजून तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही.

विश्रांती संपली की पुढच्या हंगामातील मुख्य शर्यत निवडावी आणि तिच्या तारखेपासून मागे मोजत यावे. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक प्रकारात हीच अंतरे दुप्पट होतात. अर्ध्या अंतराच्या शर्यतीत १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, तर पूर्ण अंतराच्या शर्यतीत ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर पार करायचे असतात. शर्यतीच्या आधीचे सुमारे बारा आठवडे त्या विशिष्ट अंतराच्या आणि वेगाच्या तयारीसाठी राखून ठेवावेत. त्याआधीचा सगळा हिवाळा पाया घालण्यासाठी आहे. तीन आठवडे सराव थोडा थोडा वाढवत न्यावा आणि चौथ्या आठवड्यात तो निम्म्याच्या जवळपास आणावा, ही जुनी पद्धत बहुतेकांना मानवते. वय जास्त असेल किंवा दुखापतीचा इतिहास असेल, तर दोन आठवड्यांनंतरच हलका आठवडा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पायाच्या काळातला बहुतेक सराव अशा गतीने करावा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले, तर गती जास्त झाली असे समजावे. हळू जाणे अनेकांना कमीपणाचे वाटते आणि म्हणून ते रोजच मध्यम कष्टाचा सराव करतात, ज्यात ना नीट विश्रांती मिळते ना नीट ताण. त्यापेक्षा सोपे दिवस खरोखर सोपे ठेवून आठवड्यातून एक-दोनदाच मनापासून जोर लावावा.

उत्साहापेक्षा व्यवस्था

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर’ पद्धतीच्या संकल्पांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. नुसते ‘या हिवाळ्यात नियमित सराव करीन’ असे ठरवण्यापेक्षा ‘अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन’ असे ठरवलेला संकल्प पुष्कळ अधिक वेळा पार पडतो, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. हिवाळ्यातल्या सरावासाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे, कारण आपल्याला अडवणारे प्रसंग आधीपासूनच ठाऊक असतात. ‘गजर वाजला की मी आधी दिवा लावीन आणि मगच वेळ पाहीन’, ‘रस्ता निसरडा असेल तर मी त्याच वेळेला ट्रेडमिलवर धावेन’, ‘संध्याकाळी काम लांबले तर घरी आल्यावर बसण्याआधी वीस मिनिटे ताकदीचे व्यायाम करीन’, अशी चार-पाच वाक्ये कागदावर लिहून ठेवावीत. वाक्य जितके नेमके, तितका ऐन वेळी मनाशी वाद कमी होतो.

सवय जडायला किती दिवस लागतात, याविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की एखादे काम आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण काहींना १८ दिवस पुरले तर काहींसाठी हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे नुकसान होत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे तीन आठवड्यांनंतरही पहाटे उठणे जड वाटत असेल, तर आपल्यात काही कमी आहे असे मुळीच नाही. तो काळ लागतोच, आणि म्हणून थंडी कडक होण्यापूर्वीच वेळापत्रक सुरू केलेले बरे.

आदल्या रात्रीची तयारी हा या व्यवस्थेचा कणा आहे. सकाळी धावायचे असेल, तर कपडे ज्या क्रमाने अंगावर चढवायचे त्या क्रमाने रचून ठेवावेत: सर्वांत वर आतला सदरा, त्याखाली मोजे, पायजमा, जाकीट, हातमोजे, टोपी. पोहायचे असेल, तर पिशवीत पोशाख, गॉगल, टॉवेल आणि नंतर घालायची लोकरी टोपी भरून पिशवी दाराशी ठेवावी. सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवण्याच्या उपकरणावर चढवून, बाटली भरून, दुसऱ्या दिवशीचा सराव कागदावर लिहून हँडलला चिकटवावा. अर्धवट झोपेत माणसाला विचार करावा लागला, की तो विचार बहुधा पुन्हा झोपण्याच्या बाजूनेच जातो.

यानंतरही मन घेत नसेल, तर फक्त दहा मिनिटांचा करार करावा. दहा मिनिटे हलका सराव करून पाहावा, आणि तेव्हाही थांबावेसे वाटले तर खरोखर थांबावे. बहुतेक वेळा अंग तापल्यावर थांबावेसे वाटत नाही. दहा मिनिटांनंतरही अंग जड आणि मन उदास राहिले, तर तो थकव्याचा संकेत मानून विश्रांती घ्यावी. हा करार प्रामाणिकपणे पाळला तरच तो पुढच्या वेळी कामाला येतो.

प्रत्येक आठवड्याचे दोन आराखडे ठेवावेत, एक पूर्ण आणि एक किमान. किमान आराखड्यात प्रत्येक प्रकाराची अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रे पुरेशी आहेत. आजारपण, प्रवास, परीक्षा किंवा कामाचा रेटा आला की अपराधी न वाटता किमान आराखड्यावर यावे. सराव मोडतो तो बहुधा ‘सगळे नाही तर काहीच नाही’ या वृत्तीमुळे.

हवामान प्रतिकूल असूनही या खेळात वरच्या पायरीला पोहोचता येते, याची उदाहरणे आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली सुवर्णपदक मिळवणारे क्रिस्तियान ब्लुमनफेल्ट आणि २०२२ साली हवाईतील आयर्नमन (पूर्ण अंतराची) जागतिक स्पर्धा जिंकणारे गुस्ताव इडन हे दोघेही नॉर्वेच्या बर्गन शहरातले, आणि ते शहर सततच्या पावसासाठी प्रसिद्ध आहे. व्यावसायिक खेळाडू उबदार आणि उंच ठिकाणी शिबिरांना जातात हे खरे, तरी त्यांच्या पायाची बांधणी पावसाळी, अंधाऱ्या हवामानात झाली, ही गोष्ट उरतेच.

पोहणे: हिवाळ्याचा सर्वांत चांगला उपयोग

माझ्या मते, ज्यांनी मोठेपणी पोहणे शिकले त्यांनी हिवाळ्यातला सर्वांत ताजा वेळ पोहण्याला द्यावा. धावण्यात आणि सायकलमध्ये दम वाढला की वेग वाढतो. पोहण्यात मात्र शरीराची पाण्यातली ठेवण चुकीची असेल, तर वाढलेला दम पाणी ढकलण्यातच संपतो. ही ठेवण सुधारायला शांतपणे, हळू आणि वारंवार पोहावे लागते, आणि शर्यतींच्या हंगामात तेवढी सवड नसते. आठवड्यातून एकदा दीड तास पोहण्यापेक्षा तीनदा अर्धा-पाऊण तास पोहणे चांगले, कारण पाण्याची जाण थोड्या दिवसांच्या खंडानेही बोथट होते.

सुरुवातीला आपण कुठे आहोत हे मोजून घ्यावे. यासाठी क्रिटिकल स्विम स्पीड ही सोपी चाचणी आहे. नीट अंग मोकळे करून ४०० मीटर पूर्ण जोराने पण एकसारख्या गतीने पोहावे आणि वेळ नोंदवावी. दहा मिनिटे अगदी हलके पोहून दम खाली आणावा, मग २०० मीटर तसेच पोहावे. समजा, ४०० मीटरला ८ मिनिटे २० सेकंद म्हणजे ५०० सेकंद लागले, आणि २०० मीटरला ४ मिनिटे म्हणजे २४० सेकंद. दोन्हींतला फरक २६० सेकंदांचा आणि अंतर २०० मीटरचे, म्हणजे दर १०० मीटरला १३० सेकंद, अर्थात २ मिनिटे १० सेकंद. बराच वेळ टिकवता येईल असा हा आपला वेग झाला. आठवड्यातून एकदा या वेगाने १०० मीटरच्या आठ ते दहा फेऱ्या, मध्ये पंधरा-वीस सेकंदांची विश्रांती घेऊन पोहाव्यात. शेवटची फेरी पहिलीपेक्षा पाच सेकंदांनी हळू झाली, तर सुरुवात घाईने झाली असे समजावे. दर सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी; अंधाऱ्या महिन्यांत असा एखादा सुधारलेला आकडा दिसला, तर कोणत्याही प्रोत्साहनपर भाषणापेक्षा तो अधिक बळ देतो.

उरलेली दोन सत्रे तंत्रासाठी ठेवावीत. पाय खाली बुडत असतील, तर आधी डोके पाहावे: नजर समोर असली की डोके वर येते आणि त्याच्या उलट कंबर खाली जाते. नजर तळाकडे ठेवावी. श्वास पाण्यात सतत सोडत राहावा, म्हणजे तोंड बाहेर काढल्यावर फक्त आत घ्यायचा राहतो. श्वास रोखून धरल्यानेच पुष्कळांना शंभर मीटरमध्ये धाप लागते. मुठी मिटून पोहण्याच्या सरावाने कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने पाणी कसे पकडायचे ते कळते. शक्य असल्यास कोणाकडून तरी बाजूने आणि समोरून चित्रण करून घ्यावे, कारण पाण्यात आपण काय करतो असे वाटते आणि प्रत्यक्षात काय करतो यांत फार अंतर असते.

तलाव बंद असेल, तर दरवाजाला अडकवलेल्या लवचीक दोरीने हात ओढण्याचा सराव आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटे करावा. त्याने तंत्र सुधारत नाही, पण खांदे तयार राहतात. हिवाळ्यात खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. पाणी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो. बाहेर आल्यानंतरही काही काळ शरीराचे आतले तापमान उतरत राहते, म्हणून ओले कपडे लगेच बदलावेत.

सायकल: चार भिंतींच्या आत

ट्रेनरवरची सायकल कंटाळवाणी असते, हे मान्य करूनच सुरुवात करावी. मात्र तिच्यावरचा तास रस्त्यावरच्या तासापेक्षा भरीव असतो, कारण तिथे उतार नाही, सिग्नल नाही आणि पाय थांबवायला जागा नाही. रस्त्यावर दोन तास घालवणाऱ्याला घरात सव्वा तास पुरू शकतो.

सर्वांत आधी पंखा आणावा, आणि तो मोठा असावा. रस्त्यावर वारा घाम सुकवतो. घरात हवा स्थिर असल्याने उष्णता अंगातच साठते, त्याच ताकदीला हृदयाचे ठोके वाढत जातात आणि अर्ध्या तासात सराव असह्य होतो. अनेकांना ट्रेनर आवडत नाही त्याचे खरे कारण पंख्याचा अभाव हेच असते. हँडलवर टॉवेल टाकावा, कारण टपकणाऱ्या घामातल्या मिठाने हँडलच्या दांडीचे बोल्ट आणि पुढची बेअरिंग्ज गंजतात. सराव संपल्यावर सायकल पुसण्याची शिस्त लावून घ्यावी. घरातली सायकल अंगाखाली डोलत नसल्याने बैठकीवर एकाच जागी भार येतो, म्हणून दर दहा मिनिटांनी अर्धा-एक मिनिट उभे राहून पायडल मारावे.

पायडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर किंवा स्मार्ट ट्रेनर असेल, तर वीस मिनिटे पूर्ण जोराने चालवून मिळालेल्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के ही आपली तासाभराची अंदाजे मर्यादा, म्हणजे एफटीपी, धरतात. ती २०० वॉट निघाली असे समजू. मग तासाभराचे एक चांगले सत्र असे होईल: दहा मिनिटे हलके, त्यानंतर १७६ ते १८६ वॉटवर दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, त्यांच्या मध्ये पाच-पाच मिनिटे हलके, आणि शेवटी दहा मिनिटे पाय मोकळे. हा ताण कडक असला तरी दुसऱ्या दिवशी अंग मोडून टाकत नाही. मीटर नसेल, तर एका दमात चार-पाच शब्दच बोलता येतील असा जोर ठेवावा. आठवड्यातले दुसरे सत्र सोपे असावे आणि त्यात शर्यतीत घ्यायची वाकलेली बैठक थोड्या थोड्या वेळाने टिकवण्याचा सराव करावा. मानेला आणि कंबरेला ती सवय व्हायला महिने लागतात.

बाहेर जायचेच असेल, तर रुंद टायर लावून हवा थोडी कमी ठेवावी, दिवसाही पुढचा-मागचा दिवा चालू ठेवावा आणि पुलांवर सावध राहावे, कारण तिथे बर्फाचा पातळ थर आधी धरतो. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले असेल, तर आल्याबरोबर साखळी धुऊन तेल द्यावे.

धावणे आणि थोडी ताकद

धावताना बाहेरचे तापमान आहे त्यापेक्षा दहा अंशांनी जास्त आहे असे समजून कपडे घालावेत. घराबाहेर पडताना किंचित कुडकुडायला झाले, म्हणजे कपडे बरोबर आहेत. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि वारा लागताच गारठा भरतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर धावावे, म्हणजे घामाने भिजल्यावर वारा समोरून लागत नाही. तोंडावरून पातळ कापड घेतले, की आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. दमा असणाऱ्यांनी यात हयगय करू नये आणि इन्हेलरविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाऱ्यासह जाणवणारे तापमान सुमारे उणे २७ अंशांपर्यंत उतरले, तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. अशा दिवशी ट्रेडमिल हाच योग्य निर्णय आहे. एक टक्का चढ दिला की ट्रेडमिलवरचे कष्ट मोकळ्या रस्त्याच्या जवळ येतात. दर पंधरवड्याला एकदा ट्रेनरवरून उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटे धावावे, म्हणजे सायकलनंतरचे जड पाय शर्यतीच्या दिवशी अनोळखी राहत नाहीत.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्क्वॅट, डेडलिफ्ट, एका पायावरची टाच उचल, प्लँक आणि खांद्याच्या आतल्या स्नायूंचे लवचीक पट्ट्यावरचे व्यायाम करावेत. हंगामात हेच सर्वांत आधी गळून पडते, म्हणून ते आता करावे.

शरीराकडे लक्ष

थंडीत तहान कमी जाणवते, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असते, म्हणून बाटली समोर ठेवून ठरावीक वेळाने घोट घ्यावेत. सर्दी झाली तर साधा नियम असा: त्रास मानेच्या वर, म्हणजे नाक वाहणे किंवा शिंका एवढाच असेल, तर हलका सराव चालेल. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल, तर पूर्ण विश्रांती घ्यावी, आणि बरे झाल्यावरही पहिले काही दिवस जोर लावू नये. ऊन कमी मिळत असेल, तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून मगच गोळ्या घ्याव्यात. सकाळी उजाडल्यावर थोडा वेळ बाहेर घालवणे झोपेच्या वेळापत्रकाला आणि मनःस्थितीला उपकारक असते. कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, सरावापलीकडे रोजचे व्यवहारही जड होत असतील, तर तो आळस समजू नये, डॉक्टरांशी बोलावे.

हिवाळ्याच्या उत्तरार्धात आठवड्यातून पंधरा मिनिटे टप्पे बदलण्याच्या, म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाण्याच्या, सरावाला द्यावीत. खोलीतच जमिनीवर टॉवेल पसरून शूज, हेल्मेट, चष्मा आणि क्रमांकाचा पट्टा शर्यतीतल्याप्रमाणे मांडावा. सायकल जागेवरून हलवण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, हा नियम हाताला इतका सवयीचा व्हावा की घाईतही चुकू नये. धावण्याच्या शूजना लवचीक नाड्या घालून पाय एका झटक्यात आत जातो का ते पाहावे.

हवा तापू लागल्यावर सगळा सराव एका आठवड्यात बाहेर नेऊ नये. ट्रेनरवर कमावलेली ताकद रस्त्यावर लगेच दिसते, पण वळणे, ब्रेक आणि रहदारी यांची सवय मोडलेली असते, म्हणून पहिल्या काही फेऱ्या ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर हळू कराव्यात. ट्रेडमिलच्या मऊ पट्ट्यावर धावलेल्या पोटऱ्यांना कठीण रस्ता हळूहळू दाखवावा. सर्वांत जास्त धीर खुल्या पाण्यासाठी धरावा, कारण हवेच्या मानाने पाणी फार सावकाश तापते आणि बाहेर घाम येत असताना तळे अजून गारठलेले असते. पहिल्या वेळी वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घालून, सोबतीला कोणी असताना, किनाऱ्याला समांतर दहा मिनिटे पोहावे, आणि वेग किती ते त्या दिवशी पाहू नये.